तटस्थ देशातली युद्धपातळी

आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या घटनेत 'युद्धपातळी' या शब्दाची व्याख्याच नाही, ही गंभीर बाब सानिकामुळे उघडकीस आली. मी नरेश, मंडळाचा चिटणीस. गेली सहा वर्षं हा शब्द मी इतिवृत्तात बिनदिक्कत लिहीत आलो आहे. गणपतीच्या हॉलचं बुकिंग युद्धपातळीवर, पुरणपोळ्यांची ऑर्डर युद्धपातळीवर. मंडळाची वेबसाइट दोन वर्षं बंद आहे, तीही युद्धपातळीवर. आजवर कोणीही हरकत घेतली नव्हती.

सानिका पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी डब्लिनला आली. कंपनीनं सँट्री या उपनगरात महिनाभरासाठी दिलेला फ्लॅट तिला येत्या रविवारी सोडायचा होता. डब्लिनमध्ये एका खोलीसाठी चाळीस माणसं रांगेत उभी असतात आणि घरमालक स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी करतो. अशा सव्वीस रांगांत सानिका उभी राहून आली होती. शेवटी सोमवारी तिनं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "रविवारनंतर मला राहायला जागा नाहीये. कोणाकडे एखादी खोली असेल तर प्लीज सांगा."

अध्यक्ष शैलेंद्रजींचं उत्तर तीन मिनिटांत आलं. "मंडळ तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे. शोध युद्धपातळीवर सुरू करत आहोत."

सानिका नवखी. तिनं विचारलं, "थँक्यू सर! युद्धपातळीवर म्हणजे साधारण कधीपर्यंत?"

हा प्रश्न असा तोंडावर कोणी विचारत नाही. शेवटी बुधवारी माझ्या घरी तातडीची बैठक बोलावण्यात आली.

बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. सानिका चटपटीत मुलगी, तिनंच वरच्या मजल्यावरून चार आणल्या. खाली येऊन म्हणाली, "नरेशदादा, त्या वरच्या खोलीत कोण राहतं?"

"कोणी नाही. मंडळाचे ढोल असतात."

"तिथे हीटिंग चालू आहे."

"ढोलांना इथली ओल सोसत नाही गं," मी तिला समजावून सांगितलं. ती खुर्च्या मांडू लागली.

व्याख्येचं काम माझ्या सासऱ्यांनी सुरू करून दिलं. शशिकांतराव नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळे सभेत त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता. ते म्हणाले, "असं पाहा, मंत्री येऊन गेले की युद्धपातळी सुरू होते. आमच्याकडे एक पूल अठरा वर्षं युद्धपातळीवर होता ना. मी नोकरीला लागलो तेव्हा काम चालू, रिटायर झालो तेव्हाही चालूच."

"मग झाला का पूल?" सानिकानं विचारलं.

"झाला ना बाप्पा! पण तोवर नदीच सरकली तिकडे."

"म्हणजे कालमर्यादा लागू नाही. नोंद घ्या," शैलेंद्रजी म्हणाले. मी घेतली.

डॉक्टर प्रसन्न लेटरकेनीच्या हॉस्पिटलातून ऑनलाइन हजर होते. त्यांनी मूलभूत मुद्दा काढला. "युद्ध म्हटलं की शत्रू आला. आपला शत्रू कोण, हे ठरलंय का?" घरमालक, असं एकानं सुचवलं. पण कार्यकारिणीतले तिघं स्वतःच घरमालक असल्यामुळे ते दुखावले गेले. मग आयरिश हवामानाचं नाव पुढे आलं आणि त्याला अनुमोदनही मिळालं. अंतिम निर्णयासाठी शत्रुनिश्चिती उपसमिती नेमण्यात आली. त्यानंतर डॉक्टरांनी मोठ्या मनानं सांगितलं, "बाय द वे, माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. सानिका, कधीही ये."

"डॉक्टर, माझं ऑफिस सँट्रीला आहे. तुमच्याकडून साडेतीन तास."

"मग गाडी घे ना! इकडे गाडीशिवाय चालतच नाही यार."

टाळ्या वाजल्या. एवढ्यात उपाध्यक्ष कौमुदीताई उभ्या राहिल्या. त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात आहे. "एक मिनिट. आयर्लंड हा न्यूट्रल देश आहे. आणि आपल्या मिनिट्समध्ये पानापानावर युद्ध! उद्या कोणी हे भाषांतर करून माझ्या फाइलला जोडलं तर?"

सभेच्या अंगावर काटा आला. हात वर करायला सांगितलं तेव्हा आणखी सात अर्ज प्रलंबित निघाले. यजमान राष्ट्राच्या धोरणाचा मान राखून एकमतानं ठराव झाला, की यापुढे मंडळाचं प्रत्येक काम तटस्थपातळीवर करण्यात येईल. व्याख्याही तिथल्या तिथे मंजूर झाली. कोणाचीही बाजू न घेता, कशातही हस्तक्षेप न करता चालवलेलं काम, ते तटस्थपातळीवरचं काम. यासाठी मंडळाच्या कार्यपद्धतीत काहीही बदल करावा लागणार नाही, हे लक्षात आल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं.

"आणि माझ्या खोलीचं?" सानिकानं विचारलं.

"तटस्थपातळीवर बघतोय ना!" शैलेंद्रजी फार प्रेमानं म्हणाले.

चहा झाला. सानिकानं खुर्च्या परत वर नेऊन ठेवल्या आणि बसस्टॉपकडे गेली. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

शुक्रवारी तिचा मेसेज आला, की जागा मिळाली. मी लगेच फोन केला. मंडळाच्या कोणत्या प्रयत्नाला यश आलं, त्याची नोंद करायची होती.

"ऑफिसच्या कँटीनमधल्या ब्रिजेटकडे चाललेय," ती म्हणाली. "डबा खाताना मला रडू आलं. तिनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. तर म्हणाली, 'यू विल कम टू अस, लव्ह. यू आर ग्रँड.'"

"पण त्यांनी हे कोणाशी बोलून ठरवलं?"

"नवऱ्याला फोन केला. तो पण 'ग्रँड' म्हणाला, म्हणजे चालेल."

"घर मोठं असेल."

"दोन खोल्या आहेत, दादा. माणसं चार."

मी चौकशी वाढवली नाही. ज्या घरात इतका मोठा निर्णय एका शब्दात होतो, तिथे कागदपत्रं मागण्यात अर्थ नव्हता. वार्षिक अहवालात मी लिहिलं, "नवागत सभासदाच्या निवासाचा प्रश्न मंडळाच्या तटस्थ प्रयत्नांमुळे समाधानकारकरीत्या मार्गी लागला." अहवाल ग्रुपवर टाकला. त्याच संध्याकाळी सानिका ग्रुप सोडून गेली. कारण तिनं दिलेलं नाही.

अहवालाखाली मात्र दहा मिनिटांत तीनशे बारा अंगठे जमा झाले. अठ्ठावीस जणांनी 'मंडळाचा अभिमान वाटतो' असं लिहिलं. अंगठ्यावर बोट ठेवलं की तो कोणाचा ते दिसतं, आणि चिटणीस या नात्यानं मी सगळी यादी नजरेखालून घातली.

तुमचं नाव वरून सातवं आहे.