साधी राहणी, मॉडेल २००९

अल्फारेटा मराठी स्नेहमंडळाच्या घटनेत वाहनांविषयी एकही कलम नाही. तरीही कार्यक्रमाला आल्यावर कोणी कुठे गाडी लावायची, यावरून सभासदांत आजवर एकदाही मतभेद झालेला नाही. शाळेचा हॉल भाड्याने घेतला की दारासमोरच्या ओळीत जर्मन गाड्या लागतात, त्यांच्या मागे विजेवरच्या, मग सात सीटच्या, आणि अगदी शेवटी, कचऱ्याच्या डब्यांपाशी, नुकतेच आलेले विद्यार्थी आणि देवदत्त खानझोडे. हे कोणी कोणाला सांगत नाही, ज्याला त्याला आपली जागा कळते. मंडळाचा सचिव या नात्याने मी हे सारं जवळून पाहत आलो आहे. माझी गाडी दुसऱ्या ओळीत असते. ती लीजवर आहे, पण तसं गाडीवर कुठे लिहिलेलं नसतं.

खानझोड्यांची गाडी दोन हजार नऊ सालची, जपानी, चार दारांची. कागदोपत्री तिचा रंग सोनेरी होता, प्रत्यक्षात कालच्या वरणाचा. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या उन्हाने बॉनेट सोलवटलं होतं, मागचा बंपर चंदेरी टेपने चिकटवलेला होता आणि एसी फक्त गाडी धावत असेल तरच चालायचा. सिग्नलला थांबली की आतली माणसं मोदकासारखी वाफवून निघत. मार्च महिन्यात पाइनचे परागकण पडतात आणि गावातल्या सगळ्या गाड्या सारख्याच पिवळ्या होतात. तेवढे तीन आठवडे अल्फारेटात समता नांदते. मग सगळे गाड्या धुऊन आणतात.

या गाडीवरून मंडळाने खानझोड्यांबद्दल एकमताने ठरवलं होतं की माणूस कंजूष आहे. चौदा वर्षं अमेरिकेत, नवराबायको आणि एक मुलगी एवढंच कुटुंब, आणि ही गाडी! आमच्या अध्यक्षा शोभाताई प्रत्येक कार्यक्रमात खानझोड्यांच्या बायकोकडे, राधिकाकडे, बघून हळहळत. "बिचारी! पैठणी नेसायची आणि त्या खटाऱ्यातून उतरायचं. माझ्याने नसतं झालं बाई." मीसुद्धा एकदा खानझोड्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं की इथे माणसाची किंमत गाडीवरून होते. ते म्हणाले, "अहो दिगंबरराव, घ्यायचीच आहे नवी. पण ग्रीन कार्डचा पत्ता नाही, अजून व्हिसावरच आहोत. उद्या जा म्हणाले तर जावं लागेल. म्हणून डेरिंग होत नाही." मी मान हलवली. कंजूष माणसाकडे कारणांची कमतरता नसते.

जानेवारीत मंडळाने आर्थिक नियोजनावर व्याख्यान ठेवलं. वक्ते श्रीराम हे गृहस्थ विमा विकतात, त्यामुळे विद्वान होते. त्यांनी टाय सैल केला आणि विचारलं, "खरा श्रीमंत माणूस कसा ओळखायचा? तो पंधरा वर्षांची जुनी गाडी चालवतो. नवी गाडी चालवतो तो बँकेचा ड्रायव्हर!"

दीडशे माणसांनी एकाच वेळी मनातल्या मनात पार्किंग लॉटवरून नजर फिरवली. व्याख्यान संपल्यावर मंडळाच्या इतिहासात प्रथमच बटाटेवड्यांच्या रांगेत कोणी उभं राहिलं नाही. सगळे बाहेर गेले. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या सात होत्या. त्यातल्या सहा विद्यार्थ्यांच्या असल्याने धरता येत नव्हत्या, कारण विद्यार्थी खरोखरच गरीब असतात. उरली एक.

गाडी तीच होती, टेपही तीच होती. पण शोभाताई बंपरपुढे वाकल्या आणि पुटपुटल्या, "नवा बंपर घेऊ शकतो, पण घेत नाही. याला म्हणतात डिसिप्लिन!" कोणी सोलवटलेल्या बॉनेटवरून हात फिरवला. कोणी मुलाला उचलून आतला ओडोमीटर दाखवला. मुलाने विचारलं, "इज ही पुअर?" बापाने त्याला दटावलं, "श्श! ही इज व्हेरी रिच." पुढच्या कार्यक्रमाला स्वयंसेवकांनी पहिल्या ओळीत नारिंगी कोन ठेवून खानझोड्यांसाठी जागा अडवली. ते बावचळून माझ्याकडे आले. "दिगंबरराव, काहीतरी मिस्टेक झालीय. हा कोन माझ्यासाठी नसेल." मी हसलो. आत जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि त्यांच्या नम्रतेची ख्याती शेजारच्या दोन मंडळांपर्यंत पोचली.

एप्रिलमध्ये त्यांच्या कंपनीने तीनशे माणसं कमी केली. खानझोडे त्यांत होते.

ते मला भारतीय किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटले. हातात कढीपत्त्याची पिशवी होती आणि चेहरा उतरलेला होता. "जॉब गेला," ते म्हणाले. "साठ दिवस आहेत. साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने माझा व्हिसा स्वतःकडे घेतला नाही, तर देश सोडावा लागेल. नेत्रा अकरावीत आहे हो. तुमच्या टीममध्ये एक पोझिशन ओपन आहे ना? मी रेझ्युमे पाठवतो. जरा बघाल का?"

जागा होती. तीन महिने रिकामी होती आणि योग्य माणूस मिळत नाही म्हणून मी दर सोमवारी वरिष्ठांपुढे सुस्कारे टाकत होतो. साठ दिवसांचा नियमही मला ठाऊक होता. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत मीही त्याच्या धास्तीने रात्री दचकून उठायचो. पण माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली, बंपरकडे. इतकी जुनी गाडी चालवणारा माणूस अजून व्हिसावर असेल, त्याला पगाराची गरज असेल, हे कोणत्याही विचारी माणसाला पटण्यासारखं नव्हतं.

"काय साहेब, चेष्टा करता गरिबाची!" मी म्हणालो आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. घरी पोचण्यापूर्वी मी मंडळाच्या ग्रुपवर बातमी टाकली होती: 'आपले खानझोडे साहेब अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी निवृत्त! हार्दिक अभिनंदन!' एकशे चौदा लोकांनी हात जोडले.

खानझोड्यांनी ग्रुपवर लगेच खुलासा केला की आपण निवृत्त झालेलो नाही, आपल्याला काढलं आहे, आणि कोणाला कुठे जागा माहीत असेल तर कृपया कळवावं. त्यावर हसून डोळ्यांत पाणी आलेले एकसष्ट चेहरे जमा झाले. शोभाताईंनी लिहिलं, 'किती बाई विनोदी स्वभाव!' मग खानझोड्यांनी एकेकाला वेगळा मेल केला, सोबत रेझ्युमे जोडला. मंडळात अठ्ठावीस जण असे आहेत की ज्यांच्या एका शब्दावर माणूस मुलाखतीपर्यंत पोचतो. त्यांच्यापैकी नऊ जणांनी उलट आपल्या घराच्या कर्जाविषयी सल्ला विचारला. ईशान नावाचा एक पीएचडीचा विद्यार्थी थेट त्यांच्या घरी गेला आणि आपल्या कंपनीत भांडवल घाला म्हणाला. त्याचं अॅप तुमच्या आवाजात तुमच्या आईला रोज भारतात फोन करतं, तुम्हाला वेळ काढावा लागत नाही. खानझोड्यांनी त्याला पोहे खाऊ घातले आणि विचारलं, तुमच्या कंपनीत नोकरी मिळेल का? ईशान बाहेर येऊन सगळ्यांना सांगत सुटला की सर आत शिरून कंपनी आतून पारखून घेणार आहेत.

एकतिसाव्या दिवशी राधिकाचा संयम सुटला. तिचं तर्कशास्त्र आमच्याहून बरं होतं. जुन्या गाडीमुळे लोक आपल्याला श्रीमंत समजतात, तर नव्या गाडीत बघून तरी त्यांना गरज पटेल, असं तिला वाटलं. तिने आतेभावाची जर्मन गाडी दोन दिवसांसाठी मागून आणली आणि नवऱ्याला तीत बसवून मंडळाच्या सहलीला आणलं. गाडी उद्यानात शिरताच गप्पा थांबल्या. शोभाताईंनी टाळी वाजवली. "बघा! मी म्हणत नव्हते? काढला शेवटी पैसा बाहेर!"

"शोभाकाकू, ही आमची नाही," राधिका म्हणाली. "मागून आणलीय. आम्हाला खरंच प्रॉब्लेम आहे."

"अगं, आम्हाला काय सांगतेस!" शोभाताईंनी डोळा मिचकावला आणि तिच्या हातात मंडळाच्या प्लॅटिनम प्रायोजकत्वाचा अर्ज ठेवला. राधिका गाडीत जाऊन बसली. काचा काळ्या असल्याने ती आत काय करत होती ते दिसलं नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिला परागकणांची अॅलर्जी असावी असं आम्ही ठरवलं.

सेहेचाळिसाव्या दिवशी मंडळाचं वार्षिक संमेलन होतं आणि कार्यकारिणीने प्रमुख पाहुणे म्हणून खानझोड्यांनाच बोलावलं. विषय होता 'साधेपणातून समृद्धीकडे'. ते लगेच तयार झाले. समोर तीनशे माणसं असणार, त्यांतले निम्मे कुठे ना कुठे मॅनेजर, एकाला तरी खरं कळेल, असा त्यांचा हिशेब होता. मला तो नंतर कळला.

त्यांनी माइक धरला. "मी भाषण करणार नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे समृद्धी नाही. ही गाडी मी चालवतो कारण दुसरी घेण्याची हिंमत झाली नाही. माझी नोकरी गेलीय. चौदा दिवस उरलेत. मला डेटाबेसचं काम येतं, चांगलं येतं. कोणाकडे काहीही असेल, खालच्या पदावरचं असलं तरी चालेल. माझी मुलगी इथे वाढली, इथे शिकतेय. मी हात जोडतो."

त्यांनी खरोखर हात जोडले. मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. इतकं मिळवूनही ज्याला आपण काही मिळवलं असं वाटत नाही, अशा माणसाचं दर्शन विरळाच! पुढच्या रांगेतल्या दोन मावश्यांनी पदराने डोळे टिपले. आभारप्रदर्शनात मी म्हणालो की अहंकाराचा असा संपूर्ण लोप मी फक्त कीर्तनात ऐकला होता. शाल देताना त्यांनी माझ्या कानाशी विचारलं, "तो मेल उघडला का हो?"

"बघतो, बघतो," मी म्हणालो. फोटोग्राफर 'इकडे बघा' म्हणत होता.

साठाव्या दिवशी खानझोडे कुटुंब नागपूरला जायला निघालं. मंडळाच्या वार्तापत्रात शोभाताईंनी लिहिलं की मायभूमीच्या ओढीने त्यांनी इथल्या वैभवावर पाणी सोडलं. गाडी विकायची होती, ती सहा सभासदांनी मागितली. त्यांतल्या दोघांचं भांडण मिटवायला पोटसमिती नेमावी लागली. समितीचा निमंत्रक मीच असल्याने गाडी मला मिळाली.

किल्ली घ्यायला गेलो तेव्हा घर रिकामं झालं होतं. खानझोडे आत बॅगांची वजनं करत होते. नेत्राने दार उघडलं. तिने किल्ली पुढे केली, पण सोडली नाही.

"काका, डिड यू इव्हन ओपन इट? बाबाचा रेझ्युमे?"

"अगं बेटा, तुझ्या बाबांना नोकरीची काय..."

"ही वॉज थ्रोइंग अप एव्हरी मॉर्निंग," ती म्हणाली. "एव्हरी सिंगल मॉर्निंग." मग तिने किल्ली माझ्या हातात टाकली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी घरी मी मेल शोधला. एप्रिलपासून तो तसाच जाड अक्षरांत पडून होता. रेझ्युमे दोन पानांचा होता. माझ्या टीममधल्या जागेसाठी मी जी जाहिरात लिहिली होती, तिच्यातल्या अकराच्या अकरा अटी त्यात होत्या, जवळजवळ त्याच क्रमाने. मी फोन लावला. एव्हाना त्यांचं विमान उडालं होतं, फोन बंद लागत होता, आणि साठ दिवसांत एकसष्टावा येत नाही.

मला वाईट वाटलं. खोटं सांगत नाही, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शनिवारी मात्र त्याच गाडीतून मंडळाच्या सभेला गेलो. लोक अदबीने बाजूला झाले. श्रीरामांनी स्वतः येऊन माझं दार उघडलं आणि एसी चालतो का, असं चुकूनही विचारलं नाही. माझ्या टीममधली जागा अजून रिकामी आहे. योग्य माणूस मिळत नाही.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा, मी त्याच लायकीचा आहे. फक्त त्याआधी स्वतःचा इनबॉक्स उघडा आणि थोडं खाली जा. 'काही जमलं तर बघाल का' एवढंच लिहून कोणीतरी पाठवलेला एक रेझ्युमे तिथे असेल, न उघडलेला. त्या माणसाचं पूर्ण नाव तुम्हाला चटकन आठवणार नाही. गाडी आठवेल.