अण्णांचं पहिलं आणि शेवटचं

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धनपाल मगदूम यांनी, म्हणजे अण्णांनी, जन्मात कुठल्याही दिग्दर्शकाचा मधला सिनेमा बघितलेला नाही. फक्त पहिला आणि शेवटचा. ज्या सिनेमांनी त्या माणसाचं नाव झालं, ज्यातली गाणी लग्नाच्या बँडवर वाजली, ते सगळे अण्णांच्या लेखी मधले. "ते सोडा की!" म्हणून हात झटकायचे, विषय संपला.

अण्णा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. उसातून साखरेचा उतारा किती पडतो हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "हंगामाच्या पयल्या दिवसाचा उतारा सांगा आणि शेवटच्या दिवसाचा. मधी काय झालं ते मी सांगतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. सिनेमावाल्यांनाही त्यांनी हाच नियम लावला होता.

दर रविवारी सकाळी दहाला राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटवर कार्यक्रम. आधी पहिला सिनेमा, मग जेवण, मग शेवटचा. इमारतीतली आम्ही पाच-सहा माणसं ठरलेली. अण्णांच्या पत्नी, अक्का, भडंगाची परात आमच्यापुढं ठेवून देवळात निघून जायच्या. "पयली न्हाय, शेवटची न्हाय. मी मधली हाय, मला कोण बगतंय?" असं जाता जाता ऐकवायच्या.

सगळं संपलं की अण्णा उभे राहून दहापैकी मार्क द्यायचे. "पयल्यात अक्कल न्हाय, पण जीव हाय. सहा. शेवटच्यात अक्कल हाय, पण गडी दमलाय. चार." त्यावर अपील नाही. जिवंत दिग्दर्शक त्यांना चालत नसे, कारण त्याचा शेवटचा कुठला ते ठरणार कसं? एकदा एका म्हाताऱ्या दिग्दर्शकानं निवृत्ती जाहीर केली म्हणून अण्णांनी त्याला विश्वासानं यादीत घेतलं, मार्कही दिले. दोन वर्षांनी त्या गृहस्थानं नवा सिनेमा काढला! अण्णा आठवडाभर फुरंगटून बसले होते. "माणसाच्या शब्दाला काय किंमत हाय का न्हाय?"

एक गोष्ट मात्र मला उमगत नव्हती. एखाद्याचा पहिला सिनेमा भिकार आणि शेवटचा झकास निघाला, की अण्णांनी खरं तर खूश व्हायला हवं. पण त्या दिवशी ते गप्प व्हायचे. "सुधारला की गडी," एवढंच पुटपुटायचे आणि आतल्या खोलीत जायचे.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही वर गेलो, तर सोफ्यावर एक नवा माणूस. साठीचा, उन्हानं रापलेला, टोपी मांडीवर ठेवून अवघडून बसलेला. अक्काही त्या दिवशी देवळात गेल्या नव्हत्या.

"हा भरत. माझा धाकटा भाऊ. शिरोळला शेती करतोय," अण्णा म्हणाले. मग घसा खाकरून, "आज एकच सिनेमा हाय. ह्याचाच. ह्यानं एकच काढलाय."

आम्ही चाट पडलो. भरतराव आमच्याहून चाट. "अण्णा, हे तुला कुठं घावलं?"

"बेळगावात एकाकडं टेप होती. घेतली उतरवून."

सिनेमा वाईट होता, खोटं कशाला सांगू? नायक दर पाच मिनिटांनी उसातनं बुलेट घेऊन बाहेर यायचा. खलनायकाची मिशी एका बाजूनं सुटली होती. पण शेवटाकडं एक प्रसंग आला. पुरामुळं घर सोडून निघालेली एक म्हातारी, अर्ध्यापर्यंत पाण्यात बुडालेल्या दाराला नीट कुलूप लावते, ओढून बघते आणि किल्ली कनवटीला खोचते. तेवढा वेळ खोलीत कुणी भडंग चावलं नाही.

सिनेमा संपला. भरतराव हसत म्हणाले, "हं, मार्क सांग की अण्णा."

अण्णा उठले.

"तवा थेटराच्या दारात तू हेच इचारलंतंस. मी म्हणलो, दोन. हे आपलं काम न्हवं भरता, उसाकडं बघ. ती म्हातारी मी बघितलीच नव्हती रं. त्याच्या आदीच उठून भाईर आलतो. आणि तुझ्यापरास वाईट सुरुवात केलेली किती माणसं पुढं सुधारली, ते इतकी वर्सं बगत बसलोय."

अक्कांनी पदर डोळ्याला लावला.

"येडा हायस काय?" भरतराव म्हणाले. "तुझ्या दोन मार्कांनी कोण सोडतंय व्हय? मला पुढं काय दावायचं तेच सुचत नव्हतं." मग टोपी चाचपत जरा हळू म्हणाले, "आता सुचतंय कवाकवा. बांधावरनं भांडणारे दोन म्हातारे. लेकीनं फोन दिलाय, त्यात शूटिंग बी चांगलं येतंय."

"मग कर की!" अण्णा एवढ्यानं ओरडले, की खाली रस्त्यावरचा रिक्षावाला वर बघायला लागला.

परवाच्या रविवारी अण्णांचा कार्यक्रम रद्द होता. ते शिरोळला गेलेत असं अक्कांनी सांगितलं, म्हणून मीही गेलो. उसाच्या कडेला दोन म्हातारे तावातावानं हातवारे करत उभे होते आणि त्यांच्यासमोर भरतराव हातातल्या मोबाइलकडं टक लावून बघत होते. त्यांच्यामागं अण्णा, भावाच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः भर उन्हात.

"काय अण्णा, कसं काय चाललंय?" मी विचारलं.

अण्णांनी ओठावर बोट ठेवलं. "गप ऱ्हावा जरा. त्यो इचार करतोय."