होडेकरचाचांची हजेरी

आमच्या वाचनालयातली कुठलीही कादंबरी घ्या आणि शेवटचं पान उघडा. तिथे पेन्सिलीने, खाली ठसठशीत रेघ मारून, 'गैरहजर' असं लिहिलेलं सापडेल. हा शेरा होडेकरचाचांचा. त्याचा अर्थ इतकाच, की या अडीचशे पानांत आमच्या रत्नागिरीच्या राजिवड्यातलं, किंवा तसल्या कुठल्याही कोकणी मुसलमान मोहल्ल्यातलं, एकही माणूस आलेलं नाही.

चाचा जन्मभर मालवाहू जहाजांवर सारंग होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. रोज सकाळी डेकवर माणसं उभी करून हजेरी घ्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन रत्नागिरीला परतले, पण चार माणसं एका जागी दिसली की अजून त्यांचा हात शिवशिवतो. कादंबरीत चार माणसं असतातच.

मी तिथली ग्रंथपाल. पुस्तकं खराब करणाऱ्या सभासदांशी मी गोड बोलत नाही. पहिल्यांदा चाचांना फैलावर घेतलं, तेव्हा त्यांनी खिशातून खोडरबर काढून माझ्यापुढे ठेवलं. "पुसा, बाई. पण आधी एकदा आत बघून या, आमचा कोण हाय का. असला तर माफी मागतो."

मी बघून आले. नव्हता.

कधीमधी कोणी हजर असतो, मग चाचांचा शेरा लांबतो. 'हजर. एक पान. मासळी विकली नि गेला.' 'हजर. बोलता बोलता शेर म्हणतो. बांगडे साफ कोण करणार?' एका रहस्यकथेवर लिहिलं होतं, 'हजर. चोरी यानेच केली. नाव वाचून पहिल्या पानावरच समजलं.' मी आधी मोठ्याने हसले, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

एकदा मी म्हटलं, "चाचा, गोष्ट ही गोष्ट म्हणून वाचावी. मी काय प्रत्येक पुस्तकात स्वतःला शोधत बसते का?"

"तुम्हाला शोधाय लागतच नाय! पुस्तक उघडलं की तुमची मावशी पहिल्याच पानावर तुळशीला पाणी घालत उभी. आमच्याकडं काय मावश्या नायत? नि आमचा माणूस आला की बोलतो काय, तर 'अरे मियाँ'! बाई, आमच्या घरात भांडणंसुद्धा कोकणीत होतात."

ड्रॉवरमध्ये ठेवलेलं त्यांचं खोडरबर मी त्यांना परत केलं. आमच्या वाचनालयात ही घटना दुर्मीळ आहे.

मग गेल्या वर्षी नव्या गठ्ठ्यात एक पातळशी कादंबरी आली. लेखिका अगदी नवखी. जेवणाच्या सुट्टीत मी सहज चाळायला घेतली आणि माझा डबा तसाच राहिला. नायिका खाडीकाठच्या मोहल्ल्यातली, नवरा बोटीवर. ती तांदळाच्या भाकऱ्या थापते, दिराशी भांडते, पत्र आलं नाही की पोस्टमनवर डाफरते. शेर एकही म्हणत नाही. पुस्तक मी टेबलाखाली दडवून ठेवलं. हे नियमात बसत नाही. चाचा आले तेव्हा मी ते असं पुढे केलं, जणू मीच लिहिलं होतं.

चाचांनी उभ्याउभ्याच पाच पानं वाचली. चष्मा पुसला आणि पुस्तक घेऊन गेले.

ते गेलेच. महिना झाला, दोन झाले, ना चाचा ना पुस्तक. शेवटी मी चिडून त्यांच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत खाटेवर चाची उशांना टेकून बसल्या होत्या आणि चाचा त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. मला त्यांनी हातानेच बसायला सांगितलं. कादंबरीतली बाई कालवण करत होती.

"अगो, येवढी मिरची कशाला घालतंस?" चाची मध्येच म्हणाल्या. "पोरांची तोंडां जळतील!"

चाचा थांबले. चाचींचं पुरतं बोलून होऊ दिलं आणि मगच पुढची ओळ वाचली.

थोड्या वेळाने ते चहा करायला आत गेले, मीही मागोमाग गेले. दोन वर्षांपूर्वी चाचींना मोठं आजारपण आलं आणि तेव्हापासून त्या गप्पच झाल्या, ते सांगू लागले. मुलगे दुबईला. फोन लावून दिला तरी नुसतं 'हूं'. चाचा रोज आमच्या वाचनालयातलं काहीतरी वाचून दाखवायचे आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एकदाच म्हणाल्या होत्या, "ही कोणाची माणसां? मी काय बोलू ह्यांच्याशी?"

"म्हणून शोधत होतो, बाई. तिला कोण तरी वळखीचं हवं होतं. आता रोज भांडते त्या बायशी. काल तर तिला बोलली, पत्राची वाट नको बघू, आमचा पण असाच, मेला लिहायचाच नाय."

सांगताना चाचा हसत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

"संपत आलं असेल ना पुस्तक?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा चाललंय." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "बाई, असलं दुसरं हाय का?"

मी हजारो पुस्तकांची ग्रंथपाल. कप हातात धरून मी मनातल्या मनात सगळी कपाटं धुंडाळली आणि नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात बाहेरून चाचींची हाक आली. "किती टाईम लावताव? चला की! ती बाय एकटी हाय तिकडं."