आधी मनाई, मग मुभा

ज्या यंत्रापर्यंत कोणीच पोहोचू शकत नाही, तेच यंत्र खऱ्या अर्थाने सुरक्षित होय. आमच्या परीक्षा खात्याने हे नुसते मानले नाही, ऐन निकालाच्या दिवशी करून दाखवले.

निकाल ज्या लिनक्स सर्व्हरवर असतो, तो मागच्या इमारतीच्या तळघरात आहे आणि त्याला सांभाळणारे तंत्रज्ञ पुढच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. (अंतर राखले की संबंध बिघडत नाहीत.) त्या सकाळी सुरक्षा समितीने फायरवॉल, म्हणजे सर्व्हरच्या दारातला पहारेकरी, कडक करायचे ठरवले. खात्याची जुनी शिस्त अशी, की कोणताही नियम करताना आधी सरसकट मनाई काढायची; मुभा कोणाला, ते सवडीने.

"साहेब, आधी आपल्याला आत येऊ देणारा नियम टाकू या का?" तंत्रज्ञांनी चाचरत विचारले.

"अहो, हा तर वशिला झाला!" मुख्याधिकारी म्हणाले. "आधी शिस्त. आणि नियम पक्का करा, बंद-चालू केलं तरी पुसला नाही पाहिजे."

तंत्रज्ञांनी जागेवरूनच पहिला नियम धाडला: सर्वांना मनाई. पहारेकरी इतका कर्तव्यदक्ष, की दुसरा नियम घेऊन येणाऱ्या तंत्रज्ञांनाच त्याने बाहेर ठेवले. संगणकाचा पडदा गोठला. पाठोपाठ तंत्रज्ञही.

मग शास्त्रशुद्ध तपास सुरू झाला. पिंग करून पाहिले, म्हणजे यंत्राला 'आहेस का?' असे विचारले. यंत्र होते, पण त्याला बोलायची मनाई होती. केबल हलवली. (केबलचा संबंध नव्हता, पण हलवल्याने काम चालू असल्यासारखे दिसते.) तळघराची वीज घालवून पुन्हा आणली, सर्व्हर ताजातवाना होऊन उठला आणि नव्या दमाने मनाई करू लागला. समिती एव्हाना खूश होती. इतका आज्ञाधारक कर्मचारी खात्याला पूर्वी लाभला नव्हता.

तेवढ्यात मुख्याधिकाऱ्यांचा मोबाइल वाजला. घरून कन्या होती.

"बाबा, निकाल दिसतच नाहीये! पाचपर्यंत अर्जात गुण भरले नाहीत तर माझा प्रवेश गेला!"

"अगं, मोबाइल बंद करून चालू कर."

"केला! आईचाही केला! शेजारच्या काकूंचासुद्धा!"

मुख्याधिकाऱ्यांनी तळघराचे कार्ड उचलले. मुलगी वर्षभर पहाटे उठून अभ्यासाला बसली होती, आणि तिला चहा करून देणारे तेच होते. सगळे तळघराकडे धावले. तिथले दार कार्ड दाखवल्यावर उघडते. कार्ड खरे की खोटे, हे दार सर्व्हरला विचारते. सर्व्हर कोणाशीच बोलत नव्हता.

अखेर सुताराला बोलावले. त्याने दाराभोवती नजर फिरवली. "साहेब, बिजागऱ्या तर बाहेरूनच आहेत!" म्हणत त्याने स्क्रू काढले आणि दार उचलून भिंतीला टेकवले. (दाराच्या सुरक्षेसाठी वेगळी समिती आहे. तिचा अहवाल उत्तम आहे.) तंत्रज्ञांनी सर्व्हरला थेट कीबोर्ड जोडून विचारले, "आता काय करू?"

"मुभा! आधी मुभा द्या हो!" मुख्याधिकारी ओरडले. खात्याच्या इतिहासात हा शब्द पहिल्यांदाच आधी आला. कन्येचे गुण वेळेत भरले गेले, तिला प्रवेश मिळाला आणि आम्हा सगळ्यांना खरोखर आनंद झाला.

समितीला तर पदकच मिळाले. कारण फायरवॉलच्या नोंदीनुसार त्या दिवशी लाखो घुसखोर दारावर आदळले आणि एकही आत शिरला नाही; यशाचे प्रमाण शंभर टक्के. सर्वांत चिवट घुसखोर मुख्याधिकाऱ्यांच्या घरातला निघाला, तेव्हा ती ओळ त्यांनी मोठ्या मनाने गाळली.

बाकीच्या ओळी आहेत तशाच आहेत. 'काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा' हे वाचून ज्यांनी निमूटपणे पुन्हा पुन्हा बटण दाबले, आपल्याच मोबाइलला चापट मारली, आपल्याच घरच्या नेटला शिव्या घातल्या आणि आमच्याकडे एका शब्दाने तक्रार केली नाही, ते सगळे घुसखोर त्यात आहेत. तुम्हीही आहात. पदकात तुमचा मोठा वाटा आहे. खाते आपले आभारी आहे.