शेवटून दुसरं वर्ष

आमचे शेजारी वझेकाका दह्याच्या डब्यावरचा मजकूरही दोनदा वाचतात. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांची प्रत्येक काळजी आमच्याकडे ताजी ताजी पोचते. पेशानं सॉफ्टवेअर टेस्टर. "लिहिलंय एक आणि अर्थ भलताच, असं नको व्हायला," हे त्यांचं पालुपद.

यंदा त्यांच्या तावडीत एका प्रवेशपरीक्षेची नियमावली सापडली. त्यांची एकुलती एक रेवा एनस्खेडेला बायोमेडिकलची तीन वर्षांची पदवी करते. पदवीनंतर तिला आयर्लंडला जाऊन डॉक्टर व्हायचंय. परीक्षेला लवकर बसलं की एक जादा संधी हाताशी राहते आणि पदवी मिळताच निघता येतं, हा तिचा बेत. अट एवढीच, की उमेदवार पदवीच्या निदान शेवटून दुसऱ्या वर्षाला हवा.

"परीक्षा सप्टेंबरात. तेव्हा ती दुसऱ्या वर्षात असेल," काका बसस्टॉपवर घाम पुसत म्हणाले. "पण फॉर्म जुलैत! तेव्हा ती पहिल्यात. मग मोजायचं कुठल्या दिवशी?"

आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा ताटलीत तीन शेंगदाणे मांडून समजावू लागले. "हा शेवटचा, हा शेवटून दुसरा..." माझ्या नवऱ्यानं बोलता बोलता मधला उचलून तोंडात टाकला.

"बघा! गेलं वर्ष!" काका ओरडले.

शेवटी रेवाच वैतागली. "बाबा, त्यांना मेल करून विचारा ना!" काकांनी चार कच्चे खर्डे करून मेल पाठवली. मग रोज एकच उत्तर, "अजून काही आलं नाही."

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारी रेवाचा मला फोन. "मावशी, बाबा फोन उचलत नाहीयेत. आज लास्ट डे आहे!"

मी धावत गेले. काका स्वयंपाकघरात बसले होते, पुढ्यात छापलेली मेल. परीक्षेचा दिवस धरतात, मुलगी बसू शकते, असं स्वच्छ लिहिलेलं. तारीख सहा दिवसांपूर्वीची.

"काका, अहो, सांगितलं का नाही तिला?"

"नाही म्हणतील असं वाटलं होतं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे... म्हणावं असं वाटत होतं. एनस्खेडेला गेल्यापासून पोरगी दर शनिवारी अडीच तास ट्रेननं येते हो. आयर्लंडहून कशी येणार?"

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. काकांनीच तिला स्पीकरवर फोन लावला.

"रेवा, भर फॉर्म. चालतंय."

"एख्त, बाबा? खरंच?"

"हो. उत्तर सहा दिवसांपूर्वीच आलं होतं. मीच दाबून ठेवलं."

"आधी फॉर्म भरते. भांडायला शनिवारी येते."

काकांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"भांडायला येतेय," ते म्हणाले. "जेवायला काय करू?"