क्रियापद सुरू असताना

भल्याभल्यांची खरी पारख लांब फ्रेंच क्रियापदात होते.

आमच्या भाषासंस्थेचा उच्चार विभाग बारा वर्षं हेच काम निष्ठेने करतो आहे. पद्धत साधी. क्रियापदाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला लाकडी पट्टीची टेबलावर एक टकटक, आणि शेवटच्या टकटकीपर्यंत खोलीत कोणी हलायचं नाही. (पंखाही बंद. त्याला लय कळत नाही.) काही रूपांची शेवटची तीन अक्षरं लिहायची असतात, म्हणायची नसतात, आश्वासनांचं नेमकं उलट. पहिल्याच महिन्यात वर्गातले ऐंशी टक्के दोष नाहीसे होतात. (विद्यार्थीही साधारण तितकेच.)

यंदा परीक्षेला एक सिस्टर होत्या. चोवीस वर्षं अतिदक्षता विभागात काढलेल्या. लेक परदेशात, दिवस भरत आलेले, जावई बोटीवर. तिथल्या इस्पितळाने सिस्टरना नोकरी देऊ केली होती, पण आमचं प्रमाणपत्र शुक्रवारपर्यंत पोचलं तरच. बिचाऱ्या ड्यूटीवर सलाइनच्या थेंबांवर क्रियापदं घोकायच्या.

त्यांच्या वाट्याला आलं 'रे-ऑस-पि-ता-ली-झ-रियों'. म्हणजे 'आम्ही पुन्हा इस्पितळात दाखल करू, जमलं तर'. (अर्थाला गुण नाहीत.)

विभागप्रमुख स्वतः पट्टी वाजवत होते, तोंडात खोकल्याची गोळी. चौथ्या टकटकीला ती घशात अडकली. पाचवी टकटक जरा उशिरा पडली आणि प्रमुख जांभळे पडू लागले. क्रियापद सुरू असल्यामुळे आम्ही तिघे परीक्षक जागचे हललो नाही. या संयमाचा मला आजही अभिमान आहे.

सिस्टर 'ली'वर थांबल्या, धावल्या, प्रमुखांना मागून कवेत धरून पोटात दोन हिसके दिले. गोळी उडून माझ्या गुणपत्रकावर पडली.

"सर, श्वास घ्या. बोलू नका. मी आहे इथे."

प्रमुखांनी श्वास घेतला. मग पाणी घेतलं. मग पट्टी घेतली.

"सिस्टर, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत," ते डोळे पुसत म्हणाले. "पण दोन तुकडे राहिले हो."

"पुन्हा म्हणू?"

"पुढच्या सत्रात म्हणा."

"सर, लेक एकटी आहे हो तिथे."

प्रमुखांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी शेरा लिहिला: 'अनुत्तीर्ण. जीव वाचवण्याची घाई.'

तुम्हाला आमचा राग आला असेल. पण सिस्टर नक्की पाचव्या तुकड्यावर थांबल्या का, हे तुम्हीही मघाशी बोटांवर मोजून पाहिलंत. त्यांच्या लेकीचं पुढे काय झालं, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. आमच्याकडे परीक्षकाची एक जागा रिकामी आहे. अर्ज करा.