रुमालाखालची परीक्षा

कडूबाला जगात दोन गोष्टींची मुळीच भीती नव्हती: कायद्याची आणि परीक्षेची. कारण दोन्हींशी त्याची आजवर गाठच पडली नव्हती!

जालन्यात वर्षानुवर्षं त्यानं जमिनीचे सौदे जुळवले ते रुमालाच्या जोरावर. बैलबाजारातलीच रीत. रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. अन् रुमालाखाली दाबलेलं बोट म्हणजे शब्द! त्यावर शंका घेणाऱ्याला बाजारात कुणी चहासुद्धा विचारत नसे.

पण बदनापूर रोडवर बिल्डर अण्णासाहेबांची मोठी वसाहत उभी राहू लागली आणि त्यांनी बजावलं, "कडूबा, आता घरविक्रीवर सरकारचं महारेरा हाये. त्याची एजंटाची परीक्षा पास हो, नोंदणी नंबर आण. त्याबिगर माझ्या साईटवर पाय ठेवायचा न्हाई."

"आणतोच! ज्यानं खडकाळ रान 'हवेशीर' म्हणून विकलं, त्याला चार प्रश्न जड हायेत का?"

दैवशालानं मात्र नवऱ्याला पिळून काढलं. भाकरी थापता थापता ती विचारी, "अहो, प्रवर्तक म्हणजे कोण?"

"पैसे घेऊन फोन न उचलणारा बिल्डर."

"भाकर मिळायची न्हाई! नीट सांगा!"

उपाशी माणूस जल्दी शिकतो. महिन्याभरात कडूबा झोपेतसुद्धा कलमं बडबडू लागला.

परीक्षेच्या दारात भेटला श्रेणिक, शांतिलालशेठचा मुलगा. बियाण्यांचं दुकान सांभाळून हाही दलालीत उतरलेला, आणि डोळा अण्णासाहेबांच्याच साईटवर.

"कडूबाभाऊ, तयारी बराबर झाली, पण धाकधूक होऊन राह्यली."

"मलाबी. मंग रुमाल कशाला हाये, शेठ? शेजारीच बसू. मी खोकलो की ज्या प्रश्नाचा नंबर म्हणीन, त्याचं उत्तर तेवढी बोटं दाबून सांगायचं."

पर्यवेक्षक मॅडमना कडूबानं "एसी बाधतो" सांगून रुमाल मांडीवर पसरला. पाचव्या प्रश्नाला प्रवर्तकच आला! उत्तर दोन नंबरचं, दैवशालाच्या कृपेनं तोंडपाठ. तरी खात्री केलेली बरी म्हणून तो खोकला, "पाच" असं पुटपुटला आणि रुमालाखाली हात सरकवला. श्रेणिकनं चार बोटं दाबली.

कडूबानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा पाहिलं. चार? पण रुमालाखालचं बोट! त्यानं दोनवरची खूण काढली आणि चारवर केली. मग सातवा, मग बारावा. प्रत्येक वेळी बोट त्याच्या उत्तराहून वेगळं, प्रत्येक वेळी कडूबा बोटाशी इमानदार. इकडे श्रेणिकही कडूबाच्या बोटांवर आपली उत्तरं भराभर बदलत होता. दोघांचा मिळून खोकला इतका वाढला की मॅडमनी खिडक्या उघडल्या!

निकाल लागला. दोघंही नापास. कडूबा तरातरा श्रेणिकच्या दुकानात शिरला.

"शेठ, बुडवलं मला!"

"मी? घात तर तुम्ही केला!"

"प्रवर्तकाला चार नंबर कसा काय?"

"कसला प्रवर्तक? माझा पाचवा प्रश्न पार्किंगचा होता!"

गल्ल्यावर बसलेली श्रेणिकची बायको रूपल म्हणाली, "अहो, कॉम्प्युटरवर प्रत्येकाला प्रश्न मागंपुढं येतात. एवढं बी माहीत न्हाई?"

दैवशालाला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे माझी सगळी मेहनत तुम्ही दुसऱ्याच्या प्रश्नाला लावून आले!" त्या दिवशी भाकरी मिळाली, पण कालची.

अण्णासाहेबांनी अखेरची मुदत दिली. कडूबानं पुन्हा फॉर्म भरला, दिवसरात्र घोकलं, आणि या वेळी केंद्र निवडलं थेट संभाजीनगरचं. जालन्यात श्रेणिक असणार! रस्त्यात तो भेटला तेव्हा कडूबानं हात झटकले, "मी न्हाई बाबा आता त्या भानगडीत." श्रेणिकही सुस्कारा टाकून म्हणाला, "मी बी सोडलं, भाऊ. दुकान बरं."

परीक्षेच्या सकाळी कडूबा संभाजीनगरच्या एसटीत चढला. एकच जागा रिकामी होती, आणि तिच्या शेजारी खिडकीला श्रेणिक!

"शेठ, तुम्ही कुठं?"

"मावशीकडं. तब्येत बरी न्हाई तिची. तुम्ही?"

"मी बी मावशीकडंच."

गाडी सुटली. दोघांनी तोंडं दोन दिशांना फिरवली. बदनापूर मागं पडलं तरी दोघं ओठांतल्या ओठांत पुटपुटतच होते. मघाशी मावशीचं ऐकलेल्या कंडक्टरनं तिकीट देताना क्षणभर कान दिला आणि विचारलं, "काय हो, मावशीला कोणतं कलम लागलंय?"